जरद्गवाला कोणी मारले?

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वाचनालयाच्या बालविभागात झालेल्या पालकसभेतील भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मजसारख्या एका साध्या शिक्षिकेला चार शब्द बोलण्यास आपण बोलावलेत, याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे. मी विदुषी नाही, लेखिकाही नाही. बी.ए., बी.एड. होऊन गेली वीसेक वर्षे पाचवी-सहावीच्या मुलांना भाषा शिकवीत आले, एवढीच काय ती माझी पुंजी. घरची बोली उर्दूमिश्रित हिंदी, शिक्षण गोंदियाला मराठी शाळेत, आणि नोकरी वैनगंगेच्या अलीकडे बालाघाटात हिंदी माध्यमात, असा माझा सारा संसार तीन भाषांचा आहे. लग्न होऊन येथे आल्यावर मराठी पुस्तक हाती पडण्याचे एकच ठिकाण मला सापडले, ते म्हणजे आपले हे वाचनालय. तेव्हा हे भाषण म्हणजे एका परीने जुन्या देण्याची फेड आहे, असे समजावे.

गेल्या पावसाळ्यात बालविभागासाठी पुस्तके निवडण्याचे काम आपण मजकडे सोपवले. मी यादी करून दिली. ती परत आली तेव्हा तिच्यातील सात-आठ नावांवर निळ्या पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. फुल्या मारणारे वडीलधारे विश्वस्त समोरच बसले आहेत. मी त्यांना काका म्हणते, आणि त्यांची परवानगी घेऊनच हे सांगत आहे. ते मला म्हणाले, "बाई, उंदीर गुप्तहेर, डुक्कर फौजदार, आणि पानोपानी रंगीबेरंगी चित्रे! यातून पोरांनी काय घ्यावे? आपले पंचतंत्र आहे, हितोपदेश आहे, इसापनीती आहे. प्राणीच हवेत ना? मग ते प्राणी द्या की!"

काकांचा प्रश्न रास्त आहे. मी त्या दिवशी त्याला उत्तर दिले नाही, कारण उत्तर लांब होते आणि त्यात माझ्या एका अपराधाची हकीकत येत होती. ते आज देते, आणि काकांच्याच हितोपदेशापासून सुरुवात करते.

जरद्गव गिधाडाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असेल. भागीरथीच्या तीरी गृध्रकूट पर्वतावर एक मोठे झाड होते. त्याच्या ढोलीत हे म्हातारे गिधाड राहत असे. दैव फिरल्यामुळे त्याची नखेही गेली होती आणि डोळेही. झाडावरचे पक्षी दयेने आपल्या घासातला घास त्याला देत, आणि ते चारा शोधायला गेले म्हणजे जरद्गव त्यांची पिले सांभाळी. एके दिवशी दीर्घकर्ण नावाचा बोका आला. आपण रोज गंगास्नान करतो, मांस सोडले आहे, चांद्रायण व्रत चालू आहे, अशा थापा मारून त्याने म्हाताऱ्याचा विश्वास मिळवला आणि ढोलीत मुक्काम ठोकला. मग रोज थोडी थोडी पिले आणून खाऊ लागला. पक्ष्यांनी शोध सुरू करताच बोका गुपचूप पसार झाला. पक्ष्यांना ढोलीत पिलांची हाडे सापडली. यानेच आमची पिले खाल्ली, असे ठरवून त्यांनी जरद्गवाला ठार केले.

गोष्ट संपली. तात्पर्य असे की, ज्याचे कुळ व शील ठाऊक नाही त्याला घरात थारा देऊ नये. मी ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षे शिकवली आणि दर वर्षी हेच तात्पर्य फळ्यावर लिहिले. मुलांनीही ते वहीत उतरून घेतले.

एका वर्षी मात्र मी तात्पर्य लिहीत असता मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडमजी, गिद्ध के तो नाखून ही नहीं थे ना? फिर उसने बच्चे पकड़े कैसे?"

माझा खडू फळ्यावर तसाच राहिला. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पक्ष्यांनाही पडला नाही. ज्याला दिसत नाही, ज्याला नखे नाहीत, जो आपण दिलेल्या घासावर जगतो, त्याने उंच फांदीवरची पिले धरली कशी? एक जरी पक्षी एवढे बोलला असता तरी जरद्गव वाचला असता, आणि बोक्याचा मागही लागला असता. पण हाडे ढोलीत सापडली, ढोली गिधाडाची, आणि गिधाड पडले मांसखाऊ! तेवढ्यावर निकाल लागला.

बंधू-भगिनींनो, त्या मुलीच्या प्रश्नाने मी गप्प झाले याचे कारण दुसरेच होते. आदल्या वर्षी माझ्या वर्गात असाच एक निकाल लागला होता, आणि तो मीच दिला होता.

एका मुलाची चोवीस रंगांची खडूपेटी हरवली. नवीन होती, मामाने आणलेली. मुलगा रडू लागला. मी सर्वांची दप्तरे उघडायला लावली. बैहरकडच्या एका खेड्यातून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाच्या दप्तरात दोन खडू निघाले, एक लाल आणि एक आकाशी. "कुठून आणलेस?" म्हणून मी विचारले. तो बोलेना. त्याची घरची भाषा गोंडी होती. हिंदी त्याला समजे, पण कोणी दरडावले की त्याची जीभच लुळी पडे. हे मला ठाऊक असायला हवे होते, आणि ठाऊक होतेही. तरीसुद्धा त्याचे मौन मी कबुली धरले. त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभे केले. मधल्या सुट्टीत मुलांनी त्याला एक नाव ठेवले. ते कोणते, हे मी येथे सांगायला नको.

पाचव्या दिवशी ती खडूपेटी त्या मुलाच्या घरीच, शिलाई मशीनच्या मागे सापडली. धाकट्या बहिणीने खेळायला नेली होती. ती शाळेत आलीच नव्हती! आणि ते दोन खडू वसतिगृहातल्या एका मोठ्या मुलाने याला दिले होते. तशा खडूंच्या पेट्या गावातल्या प्रत्येक दुकानात मिळतात. "पेटी आज तू शाळेत आणली होतीस, हे नक्की का?" असा एक सोपा प्रश्न मी विचारला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

मी त्या मुलाला व्हरांड्यात बोलावले आणि म्हटले, "बेटा, मुझसे गलती हो गई." त्याने मान हलवली. पण शिक्षा मी दिली होती बेचाळीस मुलांसमोर, आणि माफी मागितली व्हरांड्यात, कोणी ऐकत नसताना. दिवाळीच्या सुट्टीला तो घरी गेला तो परत आला नाही. शेतीचे काम असेल, घरची अडचण असेल. दुसरे काही कारण असेल, अशी आशा मी अजून करते.

तर त्या दिवशी मी फळ्यावरचे तात्पर्य पुसले आणि मुलांना म्हटले, आपण पक्षी आहोत, पिले हरवली आहेत, आता नीट शोध करू. काय पाहिले आणि काय नुसते धरून चालले, हे मी दोन बाजूंना लिहीत गेले. पाहिले काय? हाडे ढोलीत आहेत, एवढेच. बाकी सारे धरून चाललेले. मग एक मुलगा म्हणाला, हाडांवर दातांचे व्रण आहेत का ते पाहायला हवे होते, गिधाडाला चोच असते, दात नसतात. शाबास! दुसऱ्याने विचारले, झाडाच्या सालीवर कोणाची नखे उमटली आहेत का? सर्वांत मागे बसणारा, वाचताना अडखळणारा एक मुलगा काहीच बोलला नाही. त्याने वहीत चित्र काढले. ढोली, ढोलीच्या तोंडाशी हाडांचा ढीग, आत बसलेले म्हातारे गिधाड, आणि ढोलीच्या कडेला सालीत अडकलेले दोन-तीन बारीक केस. त्याने खाली काहीच लिहिले नव्हते. केस पक्ष्याला नसतात, हे ज्याचे त्याने ओळखायचे. वर्गात ते चित्र हातोहात फिरले, आणि ज्या मुलांना मोठमोठे उतारे घडाघडा वाचता येत होते त्यांच्यापैकी दोघांना ते केस दिसलेच नाहीत.

सचित्र रहस्यकथा म्हणजे काय चीज आहे, हे मला त्या दिवशी समजले. त्यापूर्वी मीही काकांप्रमाणे त्यांना सुट्टीतला चाळा समजत असे.

आता कोणी म्हणेल, ही तर पाश्चात्त्यांची टूम. तसे नाही. आपल्या जुन्या गोष्टींत तिची बीजे आहेत, आपण ती तात्पर्याखाली गाडून टाकली एवढेच. पंचतंत्रातला दधिपुच्छ कोल्हा आठवा. आपल्या गुहेशी येतो तो सिंहाची पावले आत गेलेली दिसतात, बाहेर आलेली दिसत नाहीत. हा झाला पुरावा. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. "अगे गुहे, रोजच्यासारखी मला हाक का मारत नाहीस?" असे म्हणून तो परीक्षा घेतो, आणि मूर्ख सिंह आतून ओरडतो. आधी खूण, मग शंका, मग पडताळा. शेरलॉक होम्सने याहून वेगळे काय केले? इसापाच्या आजारी सिंहाच्या गोष्टीतही आत जाणारीच पावले आहेत. आणि या इसापाच्या गोष्टी मराठी मुलांपुढे छापून आल्या त्या अगदी आरंभीच. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यात १८०६ साली निघालेली 'बालबोधमुक्तावली' ही इसापाचीच. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'इसापनीतिकथा' दिली. म्हणजे आपले छापील बालवाङ्मय प्राण्यांच्या पावलांवर पाऊल टाकीतच जन्मले, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु माझ्या मनात सर्वांत घर करून राहिलेली गोष्ट याच पंचतंत्राच्या एका दूरच्या प्रवासातली आहे. माझे नाना थोडी फारसी जाणत, आणि कलीला व दिम्ना यांच्या गोष्टी ते आम्हां भावंडांना रात्री अंगणात सांगत. करटक आणि दमनक या आपल्या दोन कोल्ह्यांचीच ही नावे. इराणच्या नौशेरवान बादशहाच्या काळी, सहाव्या शतकात, पंचतंत्र पहलवी भाषेत गेले, आणि आठव्या शतकाच्या मध्यास इब्न अल्-मुकफ्फा याने ते अरबीत आणले. आपल्या पंचतंत्रात दमनक खोटेनाटे सांगून सिंहाकडून बैलाला मारवतो आणि स्वतः मंत्री होऊन सुखाने राहतो. अरबी पुस्तकात मात्र तेथे एक जादा प्रकरण आहे. ते इब्न अल्-मुकफ्फाने स्वतः जोडले असावे, असे विद्वान मानतात. त्या प्रकरणात दिम्नाची चौकशी होते. चक्क खटला चालतो!

बिबट्या रात्री वाटेने जाताना दोघा कोल्ह्यांचे बोलणे ऐकतो आणि सिंहाच्या आईला सांगतो. दरबार भरतो. दिम्ना मोठा वाक्पटू, कोणालाही आटोपत नाही. तेव्हा डुकरांचा मुखिया पुढे येतो आणि म्हणतो, याच्या तोंडावरूनच हा दुष्ट दिसतो, याचा एक डोळा दुसऱ्याहून लहान आहे, नाक तिरपे आहे. यावर दिम्ना जे उत्तर देतो ते ऐकण्यासारखे आहे. त्याचा मतितार्थ असा की, जन्मतः असलेल्या खुणांवरून जर माणूस बरा की वाईट हे ठरत असेल, तर मग कोणाच्या पुण्याला काय किंमत आणि कोणाच्या पापाला काय दोष? आता पहा, दिम्ना अपराधी आहे, वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे. तरीसुद्धा या एका मुद्द्यावर तो बरोबर आहे आणि त्याला पकडणारा चूक आहे. नाना येथे थांबत आणि आम्हांला विचारत, "बोलो, अब किसकी तरफ हो?" आम्ही गोंधळून जात असू. शेवटी दिम्नाला शिक्षा होते ती तिरप्या नाकासाठी नव्हे. तुरुंगातले बोलणे ऐकलेला दुसरा एक साक्षीदार पुढे येतो, आणि एकाची साक्ष पुरत नाही पण दोघांची पुरते, म्हणून होते.

माझ्या वर्गातल्या खडूपेटीच्या खटल्यात एकही साक्षीदार नव्हता. तिरपे नाक मात्र होते.

याच अरबी पुस्तकाच्या प्रस्तावनेत चित्रांविषयीही मजकूर आहे. प्राण्यांच्या तोंडी गोष्टी घातल्या म्हणजे तरुण मुले ओढीने वाचतील. प्राण्यांची चित्रे नाना रंगांत काढली म्हणजे राजेलोकांचे मन रमेल. मग पुष्कळ लोक प्रती करून घेतील, पुस्तक काळाच्या ओघात नष्ट होणार नाही, आणि चित्रकार व नकलाकार यांनाही सतत काम मिळेल. असे तो बाराशे-साडेबाराशे वर्षांपूर्वी लिहून गेला. काका, रंगीबेरंगी चित्रांवर आपण फुली मारलीत, तेव्हा मला हा गृहस्थ आठवला.

परदेशात या जातीची पुस्तके पुष्कळ निघाली. अमेरिकेत वॉल्टर ब्रूक्स यांनी १९३२ साली फ्रेडी नावाचे डुक्कर गुप्तहेर केले. होम्सच्या कथा वाचून वाचून ते स्वतःच तपास करू लागते. (डुकराचे नाव काढताच आमच्या घरीही नाके मुरडली गेली, तेव्हा काका, आपण एकटे नाही!) ईव्ह टायटस या लेखिकेने १९५८ मध्ये होम्सच्याच घराच्या तळघरात राहणारा बेसिल नावाचा उंदीर आणला. त्यावर डिस्नेने १९८६ मध्ये चित्रपटही काढला. इटलीच्या एलिझाबेत्ता दामी यांचा जेरोनिमो स्टिल्टन हा उंदीर वर्तमानपत्राचा संपादक आहे, आणि २००० सालापासून तो जगभरच्या मुलांचा मित्र झाला आहे. त्या पुस्तकांत 'थंडी' हा शब्द गारठल्यासारखा आणि 'भीती' हा शब्द थरथरल्यासारखा रंगीत अक्षरांत काढतात. आमच्या इंग्रजी माध्यमाच्या पोरांना, ज्यांना इंग्रजी वाचताना घाम फुटतो, ही अक्षरे हात धरून पुढे नेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाङ्मय म्हणून पाहिले तर बेसिल सरस. पण वाचणाऱ्या मुलाची पहिली गरज पान उलटण्याची असते.

आपल्याकडे काय आहे? माझ्या लहानपणी अब्बा रेल्वेच्या कामावरून येताना गोंदिया स्टेशनच्या स्टॉलवरून 'चांदोबा' आणीत. १९५२ मध्ये सुरू झालेला तो मराठी चांदोबा आता निघत नाही. त्यातली चित्रे मला अजून स्वप्नात दिसतात. 'किशोर' १९७१ पासून बालभारतीतर्फे निघत आला आहे. दिल्लीचे 'चंपक' १९६८ सालचे. त्यात प्राणी शाळेत जातात, दुकाने चालवतात आणि चोरही पकडतात. फुरसुंगीचा फास्टर फेणे तर भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना दिलेला सख्खा भाऊच, पण तो माणूस पडला. अनंत पै यांच्या १९८० मध्ये निघालेल्या 'टिंकल'मध्ये लुईस फर्नांडिस यांनी लिहिलेला आणि प्रदीप साठे यांनी चितारलेला कालिया कावळा आला. ज्या कावळ्याला आपण चोर म्हणून हाकलतो तोच तेथे दुबळ्यांचा राखणदार झाला, हे मला फार आवडले. मात्र कोल्हा तेथेही लबाडच राहिला! त्या बिचाऱ्याला हजार-दीड हजार वर्षांत सुट्टी मिळालेली नाही.

येथेच माझी निवडीची कसोटी आहे. यादीतली सारीच पुस्तके मी डोळे मिटून घेतली नव्हती. पुस्तक हाती आले की मी प्रथम पाहते की गुन्हेगार कोण आहे. दर वेळी कोल्हा, लांडगा किंवा साप निघत असेल, तर ती रहस्यकथा नव्हे. ती डुकरांच्या मुखियाने लिहिलेली गोष्ट आहे. मुलाला शेवटपर्यंत वाचण्याचे कारणच उरत नाही, आणि जातीवरून चोर ओळखण्याची सवय तेवढी उरते. मग मी पाहते की पुरावा मुलाच्या डोळ्यांसमोर ठेवला आहे की लेखकाने खिशात लपवून ठेवला आहे. आणि चित्रांत मजकुराबाहेरचे काही आहे की नाही. "ससा झाडाखाली बसला" असे लिहून झाडाखाली बसलेला ससा काढला, तर त्या चित्रकाराने फुकट मेहनत केली. झाडामागे कोणाची तरी शेपटी दिसली पाहिजे. या कसोटीवर काकांनी फुली मारलेल्या पुस्तकांपैकी तीन मीही काढून टाकली आहेत. पाच ठेवली आहेत.

शिवाय आपला मुलूखच पहा ना. कान्ह्याचे जंगल १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि त्याचे मुक्कीचे फाटक आपल्याच जिल्ह्यात आहे. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधली वैनगंगा ही आपलीच वैनगंगा. त्या पुस्तकात किपलिंगच्या वडिलांनी काढलेली चित्रे आहेत, आणि ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. जंगलाकाठच्या मुलांना मी मातीतला ठसा दाखवून काय शिकवणार? वाघ-बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्र्या-कोल्ह्याच्या उमटतात, हे त्यांनीच मला शिकवले. आता जंगलात आपोआप फोटो घेणारे कॅमेरे लावतात आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. हे सांगितले तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

आणि खऱ्या रहस्यकथाही आहेत. जरद्गवाचाच वंश घ्या. आपल्यापैकी वडील मंडळींना आठवत असेल, गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडांचे थवे उतरत. १९९० नंतरच्या दशकात ती दिसेनाशी झाली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी घरटी मोजली आणि ही घट जगासमोर मांडली. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरातील नव्व्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. मारेकरी कोण? कोणी म्हणाले साथीचा रोग, कोणी म्हणाले शेतीतली कीटकनाशके. २००४ मध्ये उलगडा प्रसिद्ध झाला. पाकिस्तानात तपासलेल्या मेलेल्या गिधाडांपैकी ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, अशा पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफिनॅक हे औषध सापडले. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या तेरांपैकी एकातही ते नव्हते. दुखणाऱ्या गुराला माणसाने दयेने टोचलेले औषध, ते गुरू मेल्यावर गिधाडाच्या पोटात गेले होते. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी ते बंद केले.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा 'पंचवीसपैकी पंचवीस, तेरापैकी शून्य' हे आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारले, समजा तेरापैकी बारांतही औषध सापडले असते तर? थोडा वेळ विचार करून एक मुलगी म्हणाली, "तो फिर दवाई को छोड़ देना पड़ता, मॅडमजी." औषधालाही तिने संशयाचा फायदा दिला! तिला कोल्हा, गिधाड, औषध सारे सारखेच. पुरावा असेल तर पकडायचे, नसेल तर सोडायचे. माझ्या बी.एड.च्या पुस्तकांत हा पाठ मला कोठे सापडला नाही.

आता दोन किरकोळ विनंत्या करून आपला निरोप घेते. बालविभागाचे कपाट सध्या पाच फूट उंच आहे. रहस्यकथांचा खण सर्वांत खाली ठेवावा, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलांचाही हात पोहोचेल. पाने फाटतील, ती मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडूनच चिकटवून घेईन. दुसरी विनंती अशी की, पुस्तक परत घेताना पहिले पान उघडून पाहावे. ठेवलेल्या पाच पुस्तकांपैकी दोन पुस्तकांच्या पहिल्याच पानावर गुन्हेगाराचे नाव कोणीतरी लिहून ठेवले आहे, आणि ते बरोबर आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने दोन्ही पुस्तके शेवटपर्यंत वाचली आहेत. अक्षर चांगले वळणदार, जुन्या शाळेतले आहे. पेन्सिल निळी आहे. परंतु निळी पेन्सिल बाजारात कोणालाही मिळते, तेव्हा तेवढ्यावरून मी कोणाचेही नाव घेणार नाही.